प्रतिकारशक्तीला लगामही हवा

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात असते. घाटंजी, मारेगाव, उमरखेडकडे कापूस वेचणाऱ्या एखाद्या बाईची बोटे पहाटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही, मनगटे सुजलेली असतात. घरचे म्हणतात, ‘वात आहे, कामाने होतेच.’ मग दुकानातून वेदनाशामक गोळी येते, कुणाकडून तरी बिननावाची पुडी येते. पुडीने झटकन आराम पडतो, कारण तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असते. बाई पुन्हा शेतात जाते आणि सांधे आतून खराब होत राहतात. ती सरकारी रुग्णालयात पोहोचते तेव्हा बोटे वाकडी झालेली असतात.

हा कामाने झालेला वात नव्हे, आमवात आहे. यात शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. लहान मुलांचा टाइप-१ मधुमेह आणि ल्युपस हे याच जातीचे आजार.

आपले कोण आणि परके कोण, हे या फौजेला शिकवणारी शाळा छातीच्या हाडामागे असते. ती म्हणजे थायमस, मराठीत यौवनलोपी ग्रंथी. बालपणी ती भरात असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. तिचे काम १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवून दिले, तोवर ती निरुपयोगीच समजली जाई. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या टी-पेशींची इथे परीक्षा होते. शरीरातल्याच प्रथिनांवर तुटून पडणाऱ्या पेशी इथेच संपवल्या जातात. बहुसंख्य पेशी ही परीक्षा पार करत नाहीत.

तरीही काही चुकार पेशी सुटतात. मग त्यांना आवरते कोण? उंदराच्या पिल्लांची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर त्यांची प्रतिकारशक्ती नुसती दुबळी होत नाही, ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. या कोड्याचा माग काढत जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ‘नियामक’ टी-पेशी दाखवल्या. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी-३ हा जनुक शोधला. या पेशी घडतात त्या त्याच्याच जोरावर. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

म्हणजे नोबेल मिळाले ते लगामाच्या शोधाला. आपल्याकडे मात्र कोरोनापासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या काढ्यांची आणि चूर्णांची विक्री थांबलेली नाही. प्रतिकारशक्ती नुसती वाढवायची गोष्टच नव्हे, तिचा तोल महत्त्वाचा. आमवाताच्या रुग्णाने खरे औषध सोडून चूर्णावर विसंबणे म्हणजे सांधे गमावणे.

खरे औषध महागही नाही. मेथोट्रेक्सेट वेळेत सुरू केले तर बहुतेकांचे सांधे वाचवता येतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. गरोदरपणात ते चालत नाही. म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ताच्या नियमित तपासण्या करूनच घ्यायचे.

अडचण आहे ती उशिराची. आशाताई रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीसाठी घरोघरी जातातच. तिथेच त्यांनी दोन प्रश्न विचारावेत: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटे आखडलेली राहतात का? सूज दीड महिन्यापेक्षा जास्त टिकली आहे का? उत्तर हो असेल तर चिठ्ठी थेट रुग्णालयाची. आणि आठवड्यातून एक दिवस सांधेविकारांची ओपीडी तालुक्याच्या ठिकाणी हवी, कारण उमरखेडहून यवतमाळला यायचे म्हणजे त्या बाईची दिवसभराची मजुरी बुडते. मजुरी बुडते म्हणून ती येत नाही, आणि येत नाही म्हणून पुढे तिचे हातच कामातून जातात.