ज्याचे जळते, त्याला आधी विचारा

पुण्यात डॉक्टर थोडे नाहीत, इंजिनिअर थोडे नाहीत. अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि प्रयोगशाळांत रोग्यासाठी नवनवी यंत्रे आखली जातात. चांगली गोष्ट आहे. पण यंत्र ज्याच्या अंगाला लागायचे, त्या माणसाला कुणी विचारले का? हा प्रश्न मात्र मागे पडतो.

कृत्रिम पायाचेच घ्या. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. देशात पूर्वी जो परदेशी धर्तीचा पाय मिळे, तो बुटात घालायचा. घोटा वाकत नसे. आता सांगा, आपला शेतकरी बूट घालून चिखलणी करणार कशी? देवळात, स्वयंपाकघरात पाय ठेवणार कसा? उकिडवे बसायची सोय नाही, मांडी घालायची नाही. मग पाय राहायचा कोपऱ्यात आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर!

जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय काढला. रोगी कसा बसतो, कसा चालतो, कुठे अडतो हे पाहून त्यांनी रबराचा पाय घडवला. तो अनवाणी चालतो, पाण्याचिखलात टिकतो, उकिडवे बसू देतो. बुद्धी डॉक्टरची, हात कारागिराचे. पण नेमकी अडचण सांगितली ती रोग्यानेच. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याकडचे जामखेड पाहा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे गेले. लोकांची पहिली गरज निघाली पाण्याची आणि पोटाला अन्नाची. आरोळ्यांनी ते ऐकले. पुढे गावातल्याच बायका, त्यातल्या कित्येक निरक्षर, शिकून आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. आज त्या कामाचे नाव जगभर आहे.

आणि २००७ साली राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी दवाखान्याच्या कामाला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले. जनसुनावणीत अधिकाऱ्यांना समोरासमोर जाब द्यावा लागला. म्हणजे रोगी बोलू शकतो. फक्त विचारणारा हवा.

काही जण म्हणतील, अडाण्याला यंत्रातले काय कळते? अहो, यंत्रातले न कळेल. पण दुखते कुठे ते त्याच्याइतके कुणाला कळते? विद्यापीठसुद्धा पिकाचे नवे वाण शेतकऱ्याच्या रानात लावून बघते. मग औषधपाण्याच्या बाबतीतच हा संकोच का?

तेव्हा यंत्र करणाऱ्यांना सांगणे एवढेच: कागदावर आराखडा काढण्याआधी एकदा वस्तीवर या. वीज कधी जाते, धूळ किती उडते, दुरुस्तीला तालुक्याला जायला किती खर्च येतो, हे बघा. आणि रोग्याला बोलावलेत, तर त्याचा बुडालेला रोज आणि एस.टी.चे भाडे द्या. फुकटचा सल्ला शेतकऱ्याकडूनच का घ्यायचा?

सरपंच, ग्रामसेवकांनीही मनावर घ्यावे. गावोगाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिच्या बैठकीत अपंग, दमेकरी, मधुमेही, बाळंतीण यांना बोलते करा आणि ते इतिवृत्तात लिहा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. विचारणे वेगळे आणि प्रयोगाला धरणे वेगळे. नव्या औषधाच्या चाचणीआधी सगळे आपल्या भाषेत समजावून घेणे हा रोग्याचा हक्क आहे. नाही म्हटले म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. २०१९च्या नियमांप्रमाणे चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत एक सामान्य माणूस असावाच लागतो. ती जागा कधी एखाद्या शेतकऱ्याला, शेतमजूर बाईला का मिळू नये? पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांनी याचे उत्तर द्यावे.