वृद्ध श्वानाचा नेत्रव्रण आणि वैद्याची मर्यादा

औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगक्षेत्र म्हणून सर्वश्रुत आहे. विसोबा खेचर आणि संत नामदेव यांची गुरुशिष्यभेट येथील देवालयात झाली, असे वारकरी परंपरा मानते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव याच परंपरेने आपल्याला दिले. या परिसरात आखाड्यावरील एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याचा डोळा पांढुरका होऊन गळू लागला, की धनी त्याला घेऊन वैद्याच्या दारी येतो आणि "डॉक्टरसाहेब, एखादे अंजन द्या" अशी विनंती करतो. अशा वेळी आपले कर्तव्य कोणते, याविषयी आम्हांस काही निवेदन करावयाचे आहे.

हा विकार आपल्याला अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात कृष्णगत रोगांमध्ये सव्रण शुक्राचे वर्णन केले आहे. खोल रुतलेला, सुईने टोचल्यासारखा दिसणारा, उष्ण स्राव व तीव्र वेदना यांनी युक्त असा हा व्रण होय. तो दृष्टीच्या समीप नसेल, खोल गेलेला नसेल, स्राव व वेदना अधिक नसतील, तरच तो बरा होण्याची आशा धरावी, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजेच खोली हा साध्यासाध्यतेचा एक प्रमुख निकष झाला. तथापि चिकित्सेच्या प्रकरणात शिरीषबीज, मरिच, पिप्पली, सैंधव अशा तीक्ष्ण द्रव्यांनी शुक्राचे घर्षणही सांगितले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात चिकित्सा राहते आणि निकष मागे पडतो. खरा धोका येथेच आहे.

श्वानाच्या डोळ्याचा पारदर्शक पडदा सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीचा असतो. उथळ ओरखडा साधारणतः आठवड्याभरात भरून येतो. वृद्ध श्वानात मात्र एक विशेष प्रकारचा व्रण आढळतो. तो उथळच असतो, परंतु त्याच्या कडेचा वरचा थर खालच्या थराला चिकटत नाही. त्यामुळे केवळ थेंब घालून तो कित्येक आठवडे भरत नाही. पशुवैद्यक डोळा बधिर करून हा सैल थर निर्जंतुक बोळ्याने काढून टाकतात. आपल्या परिभाषेत हे एक प्रकारचे लेखनकर्मच म्हणावे लागेल. पण व्रण खोल असेल अथवा जंतुसंसर्गाने विरघळू लागला असेल, तर तेच लेखन डोळा फोडावयास कारण होते.

हा भेद नुसत्या नजरेने ठरत नाही. त्यासाठी फ्लुओरेसिन नावाचा रंग घालून पाहावा लागतो. जेथे वरचा थर गेला आहे, ती जागा हिरवी दिसते. व्रण अगदी शेवटच्या पातळ पटलापर्यंत पोहोचला असेल, तर तळ रंग धरीत नाही, आणि अननुभवी माणसाला तो बरा झाल्याचा भास होतो. शिवाय अश्रू कमी होणे, पापणी आत वळणे, पापणीवर गाठ येणे, मधुमेह ही मूळ कारणेही तपासावी लागतात. हे निदान केल्यावाचून दिलेले अंजन म्हणजे अंधारात मारलेला बाण होय. घरात उरलेले स्टिरॉइडयुक्त थेंब तर त्याहून घातक. त्यांनी लाली ओसरते, पण व्रण भरत नाही व संसर्ग फोफावतो. अशुद्ध मध डोळ्यात घालण्याचा सल्लाही आपण सोडून दिला पाहिजे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. काही किरकोळ सेवांना राज्यशासन मुभा देऊ शकते, परंतु त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच. आपली नोंदणी मानवी रुग्णांसाठी आहे.

यावर कोणी म्हणेल, पालकाप्य, शालिहोत्र आपलेच नव्हेत काय? अवश्य आपलेच. परंतु त्यांनी हत्ती आणि घोडा यांची शरीरे स्वतंत्रपणे अभ्यासली. मनुष्याचे औषध त्यांना सरसकट लावले नाही. तीच शिस्त आपण पाळावी. कोणी असेही म्हणेल की गरीब शेतकऱ्याने म्हाताऱ्या कुत्र्यासाठी इतके का करावे? ज्याने दहा-बारा वर्षे आखाडा राखला, त्याचा डोळा वेदनेत जाऊ नये, एवढी तरी कृतज्ञता आपल्या संस्कृतीस साजेशी आहे.

मग वैद्याने करावे काय? कुत्रा अनोळखी असेल तर रेबीजचे भय लक्षात घेऊन अंतर राखावे. ओळखीचा असेल तर तो डोळा पंजाने घासणार नाही अशी व्यवस्था करावयास सांगावे आणि निर्जंतुक लवणजलाखेरीज काहीही घालू देऊ नये. त्याच दिवशी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवावे. अधिक गुंतागुंत असल्यास परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय या भागास जवळ आहे. आपल्या शालाक्यतंत्राच्या अध्यापकांनी तेथील तज्ज्ञांसमवेत संयुक्त अभ्यास हाती घ्यावा आणि आपल्या नेत्रकल्पांची उपयुक्तता तेथे कसास लावावी, अशी आमची सूचना आहे.

रुग्णाला योग्य हाती सोपविणे हा वैद्याचा पराभव नव्हे. नामदेवांच्या तुपामागे करुणा होती. आपल्या करुणेला निदानाची जोड हवी, असे आमचे नम्र मत आहे.