मोडीत काढण्यापूर्वी

कंदिलाची काच तडकली म्हणून शहाणा माणूस कंदील फेकून देत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र एवढा विचारही पुष्कळदा होत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्ट कंपनीने थांबविला आणि नव्या 'विंडोज ११'साठी अनेक जुनी यंत्रे अपात्र ठरली. धडधाकट असलेली ही यंत्रे मोडीत काढणे हा निव्वळ अपव्यय होय.

संगणकाच्या सर्व भागांकडून काम करवून घेणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत जाहीर केला. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. 'मुक्त' आणि 'फुकट' या दोहोंस इंग्रजीत एकच शब्द असल्याने तेथे नेहमी घोटाळा होतो. मराठीला ती अडचण नाही. लिनक्स बहुधा फुकट मिळते, परंतु तिचे खरे मोल मुक्तपणात आहे. ती कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि शेजाऱ्यासही द्यावी.

तिची परीक्षा घेण्यास ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह पुरतो. 'लिनक्स मिंट'सारख्या प्रणालीची प्रत तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी व त्यासाठी असलेल्या साधनाने पेन ड्राइव्हवर लिहावी. नुसती नक्कल केल्याने काम भागत नाही. पेन ड्राइव्हवरील पूर्वीचे सारे पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घेतलेला बरा. नंतर तो लावून संगणक सुरू करावा व प्रारंभीच ठरलेली कळ दाबावी. ही कळ कोठे एफ १२ असते, तर कोठे एफ ९. यंत्राने विचारताच पेन ड्राइव्हची निवड करावी. प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच, यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीच्या आधाराने काम करू लागते. पाहुण्याने ओसरीवर बसावे, माजघरात पाऊल टाकू नये, तसा हा प्रकार! कायम स्थापनेची आज्ञा दिली नाही, तर मूळ प्रणाली जशीच्या तशी राहते.

मात्र पाहुण्याची पारख नीट व्हावी. आवाज येतो का, वाय-फाय जुळते का, छपाई होते का, मराठी अक्षरे टंकता येतात का, हे सारे पाहावे. पेन ड्राइव्हवरून चालताना गती मंद असते, तेवढ्यावरून प्रणालीस नावे ठेवू नयेत. लिहिलेला निबंध दुसरीकडे जतन केला नाही, तर संगणक बंद होताच तो नाहीसा होतो, हेही ध्यानी असावे.

ही प्रणाली मुलांना झेपणार नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. केरळातील सरकारी शाळांत संगणकाचे शिक्षण मुक्त प्रणालीवरच दिले जाते. भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली तर सी-डॅक या सरकारी संस्थेनेच सिद्ध केली आहे. एखाद्या शाळेचे छपाईयंत्र लिनक्सला दाद देत नसेल, तर त्या शाळेने जुनी प्रणाली खुशाल ठेवावी. परंतु मोडीवाल्यास बोलावण्यापूर्वी एक दुपार या परीक्षेस अवश्य द्यावी.