कामाचा प्रश्न पहिल्याच भेटीत

स्किझोफ्रेनियाचा पहिला झटका ओसरला, आवाज थांबले, झोप लागू लागली, की रुग्ण विचारतो, "डॉक्टर, कामावर कधी जाऊ?" आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "आधी पूर्ण बरे व्हा, मग बघू." नातेवाईकही माना डोलावतात. सहा महिन्यांचे वर्ष होते, वर्षाची तीन होतात. तोवर बायोडेटात मोठी गॅप पडलेली असते, जुने सहकारी पांगलेले असतात, आणि ज्या आत्मविश्वासाची आपण वाट पाहत होतो, तो घरी बसून बसूनच गेलेला असतो.

हे उत्तर आपण आता बदलायलाच हवे. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी रुजवलेल्या 'आयपीएस' पद्धतीने आधी प्रशिक्षण, मग नोकरी हा क्रमच उलटा केला. ज्याला काम करायचे आहे त्याला लवकरात लवकर, त्याच्या आवडीचे, खऱ्या पगाराचे काम शोधून द्यायचे. तो रुजू झाल्यावरही पाठीशी राहायचे. २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये युरोपातल्या सहा केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र मानसिक आजाराच्या ३१२ रुग्णांपैकी ज्यांना ही मदत मिळाली, त्यांच्यातल्या सुमारे ५५ टक्के लोकांनी निदान एक दिवस तरी पगारी काम केले. नेहमीच्या पुनर्वसन सेवेत हे प्रमाण २८ टक्के होते. कामाच्या ताणाने आजार उलटेल, ही आपली मोठी भीती. प्रत्यक्षात पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण काम शोधून दिलेल्या गटातच कमी निघाले.

आपल्याकडे रोजगार-साहाय्यक हे पद नाही आणि बहुतेकांना काम ओळखीतूनच लागते, हे खरे. पण ओळखीचा दुकानदार, गॅरेजवाला, प्रेसवाला गाठायला समाजसेवा अधीक्षकाला आडकाठी कसली?

काम मिळण्याहून टिकणे अवघड, आणि तिथे आपल्या प्रिस्क्रिप्शनचा हात मोठा असतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यात पहिल्या पाळीची बस पकडायची तर पहाटे उठावे लागते. रात्री अकराला ओलान्झापिन घेतलेला मुलगा तेव्हा डोळे उघडू शकत नाही. दोन-चार लेट मार्क पडतात, सुपरवायझर बोलतो, मुलगा गुपचूप गोळी बंद करतो. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. हीच गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगणे एवढेच अनेकदा पुरते. बायपोलरच्या रुग्णाला फिरती रात्रपाळी म्हणजे मॅनियाला आवतण; लिथियम घेणारा भट्टीजवळ घाम गाळत असेल, तर पाण्याची आणि रक्ततपासणीची चौकशी दर भेटीत हवी. पण यासाठी मुळात तो काय काम करतो, किती वाजता निघतो, हे केसपेपरवर लिहिलेले असावे लागते. किती केसपेपरांवर 'व्यवसाय' या रकान्यात एका शब्दापलीकडे काही असते?

दुसरी गोष्ट पत्राची. कामावर परतणारा फिटनेस सर्टिफिकेट मागतो, आपण लेटरहेडवर निदानासकट लिहून देतो, आणि दुपारपर्यंत ती बातमी सगळ्या खात्यात होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पत्रात त्याला काय जमेल आणि कोणती सवलत लागेल, एवढेच असावे : पुढचे सहा महिने रात्रपाळी नको, महिन्यातून एक दिवस तपासणीसाठी सुटी. निदान सांगायचे की नाही, कोणाला आणि केव्हा, हे त्याने ठरवायचे. त्याच्याबरोबर बसून ते बोलणे मात्र आपले काम आहे.

कायद्याची थोडी माहिती आपल्या टेबलावर असती, तर कित्येक राजीनामे टळले असते. कामगार राज्य विमा योजनेत दीर्घकालीन आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियाही आहे. अटी पुऱ्या करणाऱ्या कामगाराला वेतनाच्या ८० टक्के लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कोणाला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रविंदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की मानसिक दिव्यांगत्वाशी निगडित वर्तनावरून केलेली शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. भांबावलेल्या अवस्थेत, साहेबांनी सांगितले म्हणून राजीनाम्यावर सही करून आलेली माणसे आपल्याला नेहमी भेटतात. दाखल करतानाच नातेवाईकांना बजावून ठेवावे : रजेचा अर्ज द्या, राजीनामा देऊ नका.

आणि आपल्या ओपीडीच्या वेळा? रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याच्या गोळ्यांसाठी अख्ख्या दिवसाची हजेरी बुडवावी लागते. मालक पहिल्या महिन्यात समजून घेतो, चौथ्या महिन्यात दुसरा माणूस बघतो. रुग्ण स्थिर असेल, आत्महत्येचा धोका नसेल, घरात गोळ्या सांभाळणारे कोणी असेल, तर दोन-तीन महिन्यांचे औषध एकदम देता येते. खासगी व्यवसायात संध्याकाळची वेळ सहज शक्य आहे. सरकारी रुग्णालयांत निदान आठवड्यातून एक सायंकालीन ओपीडी सुरू व्हावी, ही मागणी आपल्या संघटनांनी या वर्षी आरोग्य खात्याकडे लेखी करावी. मसुदा तयार करायला आम्ही तयार आहोत. आपापल्या जिल्ह्यातल्या अडचणी आम्हाला कळवा.