वाचन फुकट, पण बिल कोणाच्या नावावर?

रावेरच्या शेतकऱ्याने केळीचा घड व्यापाऱ्याला फुकट द्यायचा आणि घरी खायला तोच घड विकत आणायचा, असं कधी ऐकलंय? शोधनिबंधांचं मात्र असंच चालतं. लिहिणारे प्राध्यापक, तपासणारेही प्राध्यापक, मानधन शून्य. आणि वाचायला ग्रंथालयाने वर्गणी भरायची!

'ओपन ॲक्सेस'मुळे वाचन फुकट झालं, पण खर्च बऱ्याच ठिकाणी लेखकाच्या माथी आला. 'नेचर'ने २०२० मध्ये जाहीर केलेला दर होता एका निबंधाला ९,५०० युरो. याच वाटेने 'फी भरा, दोन दिवसांत छापतो' म्हणणारी दुकानंही निघाली. प्रोजेक्टचा पेपर छापायच्या घाईत आपण त्यांचं आयतं गिऱ्हाईक.

सरकारने २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांचा. जळगाव-धुळ्यातल्या खासगी कॉलेजांची पोरं दाराबाहेरच.

मग तिसरी वाट? ती मुंबईत होती. डॉ. डी. के. साहू यांच्या 'मेडनो'ने केईएमच्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'सारखी नियतकालिकं लेखकाकडून फी न घेता नेटवर खुली केली. खर्च छापील अंकाच्या वर्गणीतून. २०११ मध्ये 'मेडनो' वोल्टर्स क्लुवर या परदेशी कंपनीकडे गेली. म्हणजे मालकी संस्थांच्याच हाती हवी.

खान्देशातली कॉलेजं आणि आपलं विद्यापीठ मिळून असं एक नियतकालिक का काढू नये? तपासणारे प्राध्यापक आहेत, सर्व्हर आहेत. गॅदरिंगसाठी जाहिराती गोळा करतोच ना आपण? मग ज्ञानासाठी का नाही?