रत्नागिरीकरांनो, रस्त्यांची शाकारणी करा!

यंदाही तेच झाले. गणपती आठ दिवसांवर आले तशी खड्ड्यांत खडी-माती पडली, वर एकदा रोलर फिरला, फोटो निघाले आणि गौरी जायच्या आत दोन सरींत ती माती गटाराला मिळाली. चाकरमानी महामार्गाला शिव्या घालत गावात शिरले आणि गावातला रस्ता बघून गप्प झाले. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले, त्याचे रडगाणे दिल्लीपर्यंत पोचले आहे. पण आपल्या आळीतला, आपल्याच घरपट्टीतून झालेला डांबरी रस्ता चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात का उखडतो, हे कोणी विचारत नाही. रस्त्यांच्या प्रश्नामागे लागलेल्या रत्नागिरीतल्या काही नागरिकांनी म्हणूनच हे जाहीर आवाहन केले आहे. त्याची भाषा गोड नाही, आणि ती गोड असावी अशी त्यांची इच्छाही नाही.

त्यांची मागणी एकच आहे. रस्ता फुटण्याआधी त्यावर सीलकोट, म्हणजे पाणी अडवणारा पातळ डांबरी थर मारा.

कोकणात मे महिन्यात कौले परतून घर शाकारायचे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. एक कौल सरकले म्हणून वासा कुजू देणाऱ्याला गावात वेडा म्हणतात. रस्त्याच्या बाबतीत मात्र अख्खा गाव हा वेडेपणा करतो आणि वासा कुजल्यावर नव्या घराचे भूमिपूजन करतो, तेही हार-तुऱ्यांसह.

कामाच्या ठिकाणचा फलक किंवा अंदाजपत्रक वाचावे. बीबीएम (खालचा खडी-डांबराचा थर), कारपेट (त्यावरचा पातळ थर), सीलकोट असे तीन शब्द त्यात ठरलेले असतात. यातली वीस मिलिमीटरची कारपेट मुळातच सच्छिद्र असते. पाणी अडवायचे काम तिचे नाही, ते सीलकोटचे आहे. हा थर पातळ पडला किंवा काही वर्षांत झिजला की पाणी थेट खाली उतरते. दुसरीकडे उन्हाने आणि हवेने डांबर जून होते, काळ्याचे करडे होते, त्याची पकड जाते. मग चपलेच्या टोकाने उकरली तरी खडी सुटते. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने रस्त्यावर जाऊन पाहावे. सगळा रस्ता सुकलेला असतो आणि मधूनच एखादी ओली रेघ वळवळत गेलेली दिसते. तीच भेग. पाणी तिथून आत गेले आहे आणि प्रत्येक चाकासरशी थोडे वर येते आहे. येताना ते बारीक माती घेऊन येते, पुढच्या वर्षी तिथे खड्डा असतो.

ग्रामीण रस्त्यांच्या केंद्रीय मानकांत सीलकोटचे प्रकार पावसानुसार वेगळे केले आहेत. वर्षाला १५०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस असेल तर 'ए' प्रकार, म्हणजे आधी गरम डांबराची फवारणी आणि त्यावर बारीक खडी दाबून बसवायची. वाळू-डांबर कालवून पसरायचा 'बी' प्रकार कमी पावसाच्या मुलखासाठी. रत्नागिरीत सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे त्या मर्यादेच्या दुप्पट. आपल्या रस्त्यावर कोणता प्रकार मारला गेला, हे किती जणांनी कधी विचारले? मराठवाड्यात चालेल ते मिऱ्या-मांडवीत चालेलच, असे समजणाऱ्यांना पाऊस दरवर्षी उत्तर देतो.

आता खर्चाचे बोलू, कारण 'पैसे कुठून आणायचे' हा प्रश्न सर्वात आधी येतो. पावणेचार मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्ता म्हणजे ३७५० चौरस मीटर. 'ए' प्रकाराला दहा चौरस मीटरला ९.८ किलो डांबर लागते, म्हणजे एकूण पावणेचार टनांच्या आत. खडी सुमारे बारा ब्रास. हिशेबासाठी डांबर टनाला ५० हजार आणि खडी ब्रासला चार हजार धरली, तर दोन्हींचे मिळून सव्वादोन-अडीच लाख होतात. मजुरी, इंधन, रोलर, वाहतूक, ठेकेदाराचा नफा, कर हे सगळे धरून रक्कम दुप्पट केली तरी पाच लाखांच्या आत. चौरस मीटरला सव्वाशे रुपये.

तोच रस्ता सडू दिला आणि नंतर त्यावर ४० मिलिमीटरचा डांबरी काँक्रीटचा थर टाकायची पाळी आली, तर साडेतीनशे टन माल लागतो. त्यातले नुसते डांबरच १९ टनांच्या घरात, म्हणजे त्याच भावाने साडेनऊ लाखांचे. खडी, प्लांट, पेव्हर, वाहतूक अजून मोजलेलीच नाही. आणि खालचा थर खचला असेल तर हा थरही वाया, आधी खालून खोदून काढा. दर इकडेतिकडे होतील, जिल्हा दरसूची उघडून ज्याने त्याने पडताळावे. प्रमाण बदलणार नाही.

जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांचा असाच हिशेब मांडला होता. वेळेवर १२ अब्ज डॉलर खर्च झाले असते तर वीस वर्षांत ४५ अब्ज डॉलरचे रस्ते मातीत गेले नसते. हे वाचायला कोणाला सवड नसेल तर निदान पुण्याकडे पाहावे. जंगली महाराज रस्ता सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची लेखी हमी देऊन केला आणि तो पुढे दशकानुदशके खड्ड्यांवाचून टिकला. यावर लगेच कोणीतरी म्हणतो की पुण्यात पाऊसच कुठे असतो, आपल्या जेमतेम चौथाई. बरोबर आहे. मग चौपट पावसाच्या गावात हमी आणि देखभाल चौपट कडक हवी की ढिली?

'डांबर सोडा, सगळे काँक्रीट करा' हा दुसरा लाडका मुद्दा. मोठ्या रस्त्याला काँक्रीट जरूर करावे. पण प्रत्येक आळी, प्रत्येक पाखाडीखालचा रस्ता काँक्रीटचा व्हायला किती वर्षे आणि किती कोटी लागतील, आणि खालची पाण्याची लाइन फुटली की ते काँक्रीट कोण आणि कसे फोडणार, याचे उत्तर या मंडळींकडे नसते. 'सीलकोटच्या खडीवरून दुचाकी घसरते' हाही एक आक्षेप. सुटी खडी चार दिवसांत झाडून घेतली की प्रश्न मिटतो. खड्ड्यात घसरण्यापेक्षा ते बरे. देशात २०२२ साली खड्ड्यांमुळे ४,४४६ अपघात झाले आणि १,८५६ माणसे गेली, ही केंद्र सरकारची आकडेवारी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे झालेल्या मृत्यूला सहा लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. एका मृत्यूच्या भरपाईत वर मोजलेला एक किलोमीटर रस्ता सील होऊन पैसे उरतात. असा हिशेब मांडावा लागतो, हीच शरमेची गोष्ट आहे.

मात्र सगळे खापर यंत्रणेवर फोडून मोकळे होता येणार नाही. गणपतीच्या आणि नवरात्राच्या मांडवासाठी डांबरात पहारीने खड्डे कोण पाडतो? नळजोडणीसाठी रस्ता आडवा फोडून त्यात माती लोटून कोण देतो? गाडी चढवायला गटारावर उतार बांधून पाणी रस्त्यावर कोण सोडतो? गॅरेजसमोर जळके ऑइल आणि डिझेल सांडू कोण देतो? डिझेलने डांबर विरघळते, तिथे सीलकोटही टिकत नाही. पाचशे रुपयांची वर्गणी गोळा करणारी मंडळे हे खड्डे बुजवायला पन्नास रुपये काढत नाहीत, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

सीलकोट हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे, हेही आवाहन करणाऱ्यांनी लपवलेले नाही. जिथे मगरीच्या पाठीसारखी जाळी पडली आहे, रस्ता दबला आहे, तिथे वरून डांबर मारणे म्हणजे पैसे गटारात ओतणे. सीलकोट धड रस्त्यासाठी, जुना होऊ लागलेल्या पण अजून न फुटलेल्या रस्त्यासाठी. म्हणूनच घाई आहे. असे रस्ते शहरात, नाचणे-कुवारबाव-शिरगाव भागात, वाड्यावस्त्यांवर अजून उरले आहेत, आणि एका पावसाळ्यात त्यांची गणती फुटलेल्या रस्त्यांत होऊ शकते.

तेव्हा कामाला लागायचे ते असे. दिवाळीपूर्वी आपल्या आळीचा रस्ता टेपने मोजा, लांबी-रुंदी लिहा, भेगांचे आणि सुटलेल्या खडीचे फोटो तारखेसह काढा. रस्ता कोणाचा आहे ते आधी शोधा: नगर परिषदेचा, ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा. निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर कुजतात. माहिती अधिकारात दहा रुपये भरून तीन गोष्टी मागा: काम पूर्ण झाल्याची तारीख, दोष दायित्व कालावधी, आणि सीलकोटचा प्रकार व मोजमाप पुस्तकातली नोंद. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दायित्व कालावधी संपला नसेल तर ठेकेदाराकडून फुकट दुरुस्ती करून घ्या, तुमच्या पैशांतून दुसरी निविदा निघू देऊ नका. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना तर पाच वर्षांची देखभाल करारातच असते.

काम सुरू झाले की घरात बसू नका. आधी भेगा भरल्या का, धूळ झाडली का, रस्ता कोरडा आहे का, एवढे तरी उभे राहून पाहा. ओल्या रस्त्यावर डांबर पडताना दिसले तर काम थांबवा, आणि तिथेच फोटो काढा. एवढे करायला इंजिनियर असावे लागत नाही. हे आवाहन करणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, रिक्षावाले आहेत, मासळी विकणाऱ्या बायका आहेत. दरपत्रक वाचायला ते शिकले, आणि आता त्यांना पाहून साइटवरचा मुकादम आपणहून झाडू मागवतो, याचा त्यांना अभिमान आहे. तो का नसावा?

हाउसिंग सोसायट्यांनी तर कोणाची वाटच पाहू नये. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद अंतर्गत रस्त्याला डांबराची दोन पिंपे पुरतात. वरच्या दराने खर्च ३७,५०० रुपये होतो. वीस बिऱ्हाडे असतील तर घरटी दोन हजारांच्या आत.

नगर परिषदेचे आणि ग्रामपंचायतींचे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक उन्हाळ्याआधीच ठरते. त्यात 'जुन्या डांबरी रस्त्यांना सीलकोट' असे वेगळे लेखाशीर्ष पडले नाही, तर मे महिन्यात ओरडून काही मिळणार नाही. म्हणून डिसेंबर संपायच्या आत आपल्या रस्त्याचे मोजमाप आणि फोटो जोडून लेखी मागणी द्या, पोच घ्या, आणि आपल्या नगरसेवकाला किंवा सरपंचांना त्या कागदाची प्रत हातात द्या.