शिक्षणात खंड पडला, म्हणून दार बंद होत नाही

पदवीचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून वाळूजच्या कंपनीत लागलेली, वडिलांच्या आजारपणात गावी परतलेली कितीतरी पोरं-पोरी आपल्या वस्त्यांत आहेत. विचारलं की एकच उत्तर मिळतं, "आता काय, गॅप पडला!" जणू गॅप म्हणजे कपाळावरचा शिक्का. हा शिक्का आम्हाला मान्य नाही.

ज्यांचं नाव घेऊन आपण शिकतो, त्यांच्याही शिक्षणात खंड पडला होता. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परतावं लागलं. पण ते नुसते निघून आले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी आधी मिळवली. मग बडोद्याच्या नोकरीतला अपमान सोसला, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं. १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. मिळवली.

ही कथा आपण जयंतीला एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगतो. ते अर्धसत्य आहे. जिद्दीच्या जोडीला तिथे हातात परवानगी होती, उसना का होईना पैसा होता आणि मागे उभी राहणारी माणसं होती. "ज्याला शिकायचं तो शिकतोच" म्हणणारे नेमकं हेच लपवतात.

आज २०२० चं शैक्षणिक धोरण सांगतं, एका वर्षानंतर प्रमाणपत्र घ्या, दोन वर्षांनंतर पदविका घ्या, श्रेयांक बँकेत जमा ठेवा, हवं तेव्हा परत या. ऐकायला छान आहे. पण फी भरता येत नाही म्हणून मध्येच बाहेर कोण पडणार? ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो नाही. परत येताना शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि जागा यांची हमी नसेल, तर ही सोय म्हणजे गरिबाला सन्मानाने बाहेर काढण्याचा रस्ता आहे.

बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, ते मराठवाड्यातल्या वंचितांच्या पोरांसाठी. विद्यापीठाला त्यांचं नाव १४ जानेवारी १९९४ रोजी मिळालं, त्याआधी माणसं मेली, वस्त्या जळाल्या. त्या नावाखालच्या संस्थेत परतणाऱ्या विद्यार्थ्याला खिडकी-खिडकीवर हेलपाटे घालावे लागू नयेत, एवढी मागणी करण्याचा आपला हक्क आहे.

मित्रांनो, शिक्षण सोडावं लागलंच तर न सांगता गायब होऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, गुणपत्रिका आणि जातीचे दाखले जपून ठेवा. आणि कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा वस्तीतल्या एका पोरीच्या परतीच्या फीसाठी ठेवा. डीजे एक रात्र वाजतो, पदवी पिढी बदलते. भथेना होणं आपल्यालाही जमू शकतं.

जय भीम!